पाचात तीन

८ फेब्रुवारी, शनिवार. मी मेथीचे पराठे लाटत होते. रविवारी पहाटे नवरा आणि त्याचा ऑफिसातला मित्र डोंगरात बर्फावर चालायला जाणार होते. आमच्या बॉथेल गावाहून दोन तासांवर. ‘सपाट रस्ता आहे, नुसतं फिरायला जातोय,’ हे नवऱ्याने मला दोनदा सांगितलं. तो एखादी गोष्ट दोनदा सांगतो तेव्हा मी ती एकदाही खरी मानत नाही.

मग त्याने गराजमधून घडीचं फावडं आणि बर्फात खुपसून बघायची लांब काठी आणली.

“सपाट रस्त्यावर फावडं कशाला?”

“असावं जवळ.”

“कोणाला उकरायला?”

तो बॅगेत मोजे कोंबायला लागला.

मी हात धुतले आणि फोनवर त्या डोंगराचा ॲव्हलांच रिपोर्ट, म्हणजे बर्फाचे कडे कोसळण्याचा अंदाज, उघडला. मागच्या आठवड्यातला पाऊस गोठून गुळगुळीत कडक थर झाला होता. त्यावर वाऱ्याने नव्या बर्फाचे ढीग घातले होते आणि ते खालच्या थराला धरलेले नव्हते. चढाच्या जागी ते सुटायला एका माणसाचं वजन पुरे. धोका पाचात तीन.

“म्हणजे मधलाच,” नवरा म्हणाला. “चार असता तर कॅन्सल केलं असतं.”

“साठ टक्के, फर्स्ट क्लास. पेपर कसला आहे ते बघ. चार-पाच असताना लोक घरी बसतात. तीनला निघतात आणि गाडले जातात.”

“अगं, त्याने बघितलाय रिपोर्ट. तो दर वर्षी जातो तिकडे.”

मी मित्राच्या बायकोला फोन लावला. ती म्हणाली, “आमचे हे तर म्हणाले, रिपोर्ट तुमच्याकडे बघितलाय.”

म्हणजे कोणीच बघितला नव्हता. तिने फोन तिच्या नवऱ्याकडे दिला.

“वहिनी, आम्ही चढणारच नाही. उताराच्या खालून खालून जायचं.”

“वरचं सुटलं की कुठे येतं, भाऊजी?”

“तिथे जाऊन बघू ना.”

‘तिथे जाऊन बघू’ म्हणजे जायचंच. दोन तास गाडी चालवून, बूट बांधून, आभाळ निळं दिसत असताना कोण मागे फिरतं? मी नको म्हटलं तर दोघं पटकन ‘बरं, सकाळी ठरवू’ म्हणाले. इतक्या पटकन ते कधी ऐकत नाहीत. माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मित्र आला तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली होते. बर्फावर चालणारे टायर फक्त आमच्या गाडीला आहेत.

“वहिनी, तुम्ही पण?”

“हो. घाटाच्या अलीकडे नदीकाठचं जंगल आहे, तिथे चालायचं. दोन्ही बाजूंना मैलभर चढ नाही, नकाशात बघितलंय. बसा.”

दोघं मागे बसले आणि हळू आवाजात काहीतरी बोलायला लागले. मी रेडिओ बंद केला.