सोन्याच्या टोप्यांची माळ

माळ मी जळगावला घेतली, तीही बायकोची पाटली बदलायला गेलो होतो म्हणून. सराफाच्या दुकानात बायकांचं काम लांबतं आणि सोबतच्या नवऱ्याला चहा पाजून स्टुलावर बसवून ठेवतात. समोर काचेखाली मखमलीवर ओम, त्रिशूळ, क्रॉस, चाँद-तारा, सगळे शेजारी शेजारी पडलेले. कोणाचं कोणाशी भांडण नाही. त्यांच्यातच एक तुळशीची माळ होती. मण्यांना सोन्याच्या टोप्या, मागे सोन्याचा हूक, पुढे नखाएवढा विठोबा.

"काका, घालून बघा ना. सध्या खूप चालते," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि मागे येऊन तिनेच हूक लावला.

आरशात पाहिलं. नोकरी संपल्यापासून माझा चेहरा कुलूप घातलेल्या कचेरीसारखा झालेला. माळ येताच तिथे कोणीतरी साहेब बसल्यासारखं वाटलं.

"ही माळ आहे," बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

"माळ घातली की मटण सुटतं."

"ती माळ वेगळी. हा दागिना आहे."

"हो काकू, दागिनाच आहे," मुलगी म्हणाली. "घडणावळीत सूटसुद्धा आहे."

माझा देवावर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी चप्पल शोधायला लागतो. इतकी वर्षं नोकरी, बदल्या आणि पित्त यांतून हा प्रश्न निवांत बसून सोडवायला सवडच झाली नाही. पण माळ घालून धुळ्याला घरी आलो आणि आमच्या देवपुरातल्या लोकांनी तो माझ्यासाठी परस्पर सोडवून टाकला. दूधवाला मला 'माउली' म्हणू लागला. रिक्षावाल्याने आरशातून नमस्कार केला. शेजारच्या सूनबाई परीक्षेला जाताना पाया पडल्या आणि मी, ज्याला स्वतःची बी.ए.ची परीक्षा दोनदा द्यावी लागली, त्याने हात वर करून "यशस्वी भव" म्हटलं. आपल्याला संस्कृत येतं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

अडचण रविवारी आली. आमचा मटणवाला जुना, माझी पिशवी पाहूनच सुरी उचलणारा. त्या दिवशी त्याने सुरी खाली ठेवली.

"काका, पहले वो अंदर कर लो."

"अरे, दागिना आहे हा."

"आपके लिए होगा. मेरेको अच्छा नहीं लगता."

मी माळ सदऱ्याच्या आत टाकली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी हूक काढायचा, माळ कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायची आणि सोमवारी आंघोळ करून पुन्हा घालायची, असा माझा धर्म ठरला. नियमाने पाळला म्हणून सांगतो, इतका नेम मी दुसऱ्या कशाचा पाळलेला नाही.

हे असंच चाललं असतं. पण घरातल्या कोणत्याशा समारंभाचा माझा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि चाळीसगावकडच्या आमच्या गावी माझ्या थोरल्या भावाला तो त्याच्या सुनेने दाखवला.

थोरल्या भावाला आम्ही सगळे नाना म्हणतो. नाना खरे माळकरी. मिसरूड फुटायच्या आत माळ घातलेली आणि आंघोळीलाही न काढलेली. ज्या घरात मांस शिजतं तिथलं ते पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्याकडे यायचे, दाराबाहेरच्या ओट्यावर बसायचे, शेतीचं, पोरांचं बोलायचे आणि उठायचे. माझ्या मुलाच्या लग्नातही मांडवाच्या कडेला बसून फडक्यात बांधून आणलेली भाकर आणि ठेचा खाल्ला. भांडण कधीच नव्हतं. नियम होता. पण नियम नवऱ्याच्या भावाचा आणि चूल बायकोची, तेव्हा लागायचं ते तिलाच. लग्न होऊन आल्यापासून आपल्या हातचा घास थोरल्या दिराच्या पोटात गेला नाही, हे तिने मला एकदाच बोलून दाखवलं. त्यानंतर नाना येऊन गेले की ती उगाच ओटा धूत बसायची.

तर नानांचा फोन आला. 

"भाऊ, फोटो देखा. बरं करं. आते मी तुन्हा घरमा जेवसू. गुरुवारे येस."

मी "नाना, त्याचं असं आहे" एवढं म्हणेपर्यंत बायकोने फोन काढून घेतला. "या नाना, भरीत करते," म्हणाली आणि ठेवला.

"अगं, त्यांना सांगायला नको का?"

"काय सांगायचं?"

"की हा दागिना आहे."

"जेवून झाल्यावर सांगा."

बुधवारी तिने स्वयंपाकघर छतापासून धुतलं. वरच्या मजल्यावरच्या मारवाडी बाईंकडून तवा, पातेली, ताटंसुद्धा आणली. मी म्हटलं, एवढं कशाला, आपली घासली तर काय होतं. ती म्हणाली, "गळा खोटा आहे तो पुरे. भांडी तरी खरी असू द्या."

गुरुवारी भर उन्हात नाना एस.टी.ने आले. हातातल्या पिशवीत शेतातली हिरवी वांगी, धोतर धुळीने माखलेलं, गुडघे कुरकुरत होते. पहिल्यांदाच ओटा ओलांडून आत आले आणि घरात कोणी मोठं वारल्यावर बसावं तसे अवघडून खुर्चीच्या टोकावर बसले. पंखा गरम हवा फिरवत होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कशाचाच उत्साह नव्हता, खोट्याचाही नाही. वय झालं की खोटं बोलायलाही दम लागतो.

वांगी भाजल्याचा वास येऊ लागला. बायकोने ताटं मांडली. मोरीपाशी हात धुताना नानांनी माझ्याकडे डोळे भरून पाहिलं.

"कोना हाते घाली रे?"

माळ आपली आपण घालायची नसते. कोणा महाराजांच्या हातून घ्यायची असते आणि त्यांच्यासमोर शब्द द्यायचा असतो. मी मनातल्या मनात एक महाराज तयार करू लागलो. दाढी लावून झाली होती, मठ कुठे ठेवावा याचा विचार चालला होता. तेवढ्यात नानांनी ओला हात पुसला आणि लहानपणी माझी कॉलर सारखी करायचे तशी माझी माळ सारखी करायला मानेमागे बोटं घातली. बोटं थांबली.

"हाई काय शे?"

"हूक."

"काढाले?"

"हो."

"कव्हय काढस?"

महाराज तिथेच विरघळले. मी म्हणालो, "रविवारी."

नाना रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त दमलेले दिसले, एस.टी.तून उतरले तेव्हाहून जास्त. खुर्चीपाशी जाऊन त्यांनी टोपी उचलली. मी माळ काढून खिशात घातली आणि "नाना, बसा तरी" असं काहीतरी बोललो. एवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ, पदर डोक्यावर.

"नाना, माळ यांची होती. स्वयंपाक माझा आहे."

नाना थांबले.

"भांडी वरच्या घरची आहेत, ती माणसं कांदासुद्धा खात नाहीत. आणि मी मटण कधी खाल्लं नाही. माहेरीही नाही, इथेही नाही. रांधते तेवढं. मला कोणी माळ दाखव म्हटलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

हे मला ठाऊक होतं. म्हणजे असायला हवं होतं. रविवारी माझ्या ताटात रस्सा वाढणारी बाई नंतर स्वतः काय खाते, हे मी शेवटचं कधी पाहिलं ते काही केल्या आठवेना. नाना खाली बघत होते. रविवारी शिजतं ते शिजतंच, नियम काही बदलला नव्हता. आत तव्यावरची भाकर करपायला लागली होती, पण बायको आत गेली नाही.

"बाई," नाना शेवटी म्हणाले, "भाकर जयी ऱ्हायनी."

ती पळाली. नानांनी टोपी खाली ठेवली आणि पाटावर बसले. मी शेजारच्या पाटावर बसायला गेलो तर त्यांनी हात आडवा केला.

"तू तठे. दार जोडे."

मी दाराजवळ बसलो. माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या हातचं जेवायला, पंगतीबाहेर. नानांनी पहिला घास डोळे मिटून घेतला. मग दुसरी भाकर मागितली, मग भरीत. बायको पाठ करून भाकरी थापत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ. मला वाढायची कोणालाच आठवण नव्हती आणि मीही करून दिली नाही.

हात धुऊन नाना निघाले. चप्पल घातली, माझ्याकडे नुसतं बोट केलं आणि तिला म्हणाले,

"बाई, आमोशाले आखो जेवाले येस. हाऊ घर नही ऱ्हायना तरी चाली."