पुस्तकासमोर शी नाही करायची

नागपूर स्टेशनवर बाबा मला शेवटचं जे बोलले, तो आशीर्वाद नव्हता, आणि 'पोचल्यावर फोन कर' असंही ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "अगं, पुस्तकं आहेत ना त्या पिशवीत? मग खाली काय ठेवतेस!" गाडी सुटायला आली होती. कडेवर दोन वर्षांची रेवा, खांद्याला लॅपटॉप, आई पदरानं डोळे पुसत उभी, आणि बाबा माझ्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलून बर्थवर ठेवत होते. वर नातीला विचारून झालं, "पाय लागला का गं पुस्तकांना? जयजय कर." तिनं वाकून पिशवीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. मला रडू येत होतं आणि ह्या आजोबा-नातीचं भलतंच चाललेलं!

बाबा वाचनालयात ग्रंथपाल होते. आमच्या घरात उष्ट्या हातानं पुस्तक नाही, पायाकडे पुस्तक नाही, आणि संडास-बाथरूमकडे तर पुस्तक घेऊन कुणी फिरकायचंसुद्धा नाही. एकदा एक पाहुणे वर्तमानपत्र घेऊन आत गेले, तर ते परत गेल्यावरही बाबा दिवसभर धुसफुसत होते. रेवा बाळंतपणापासून तिथेच वाढली, कारण माझं काम घरून चालायचं. तिला चालायच्या आधी पुस्तकाला जयजय करता यायला लागलं. सगळ्यांना केवढं कौतुक! मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

मग ऑफिसनं परत बोलावलं. निखिल, माझा नवरा, आधीपासूनच बेंगळुरूला होता. यशवंतपूर स्टेशनला उतरलो आणि महादेवपुऱ्यातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर येऊन राहिलो. इथं सगळं आहे. लिफ्ट आहे, जिम आहे, खाली बाग आहे, 'स्वल्प थांबा' म्हणत अर्धा तास थांबवणारा प्लंबर आहे. नाही ती फक्त अंगणातली मोरी. तुम्ही जे तिकडे राहिलात, त्यांना हे हसण्यासारखं वाटेल. पण माझ्यासारखे जे असे उंचावर येऊन पडलेत, त्यांना कळेल की नागपूरच्या त्या मोरीत आमची अर्धी सुखं होती.

आई रेवाला सकाळी मोरीवर न्यायची. पाटावर बसून पाय पुढे घ्यायची, दोन पावलांमध्ये नातीला बसवायची आणि तोंडानं 'शूऽऽ' करायची. झालं काम! इथं चकाचक टाइल्स आणि तो कमोड. पहिल्याच दिवशी निखिलनं फ्लश केलं आणि रेवा अशी किंचाळली की शेजारच्यांनी बेल वाजवली. त्यानंतर सगळं विसरली पोरगी. पुन्हा डायपर. मी आईसारखे पाय पसरून बसून पाहिलं, तर तिनं माझ्या पावलांवर बसून टाळ्या वाजवल्या. बाकी काही नाही.

आणि नेमकं तेव्हाच प्लेस्कूलच्या मॅडमनी सांगितलं, "डायपर नहीं चलेगा मॅडम. स्वल्प ट्रेनिंग माडी, फिर लेके आइए." म्हणजे आधी थोडं शिकवा, मग आणा. माझी रजा संपत आली होती. प्लेस्कूल नाही तर नोकरी नाही. आणि नोकरी सोडायची नसेल, तर आईचं उत्तर तयारच होतं: "इथं आणून सोड ना तिले. आम्ही काय करून राहिलो दिवसभर? शाळेच्या वयाची झाली की घेऊन जा." आईच्या आवाजात इतका आनंद असायचा की मला तिचा राग यायचा. बाबा काही म्हणायचे नाहीत. पण एका व्हिडिओ कॉलवर त्यांनी आपल्या पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा दाखवला. पूर्ण रिकामा केला होता. म्हणाले, "तिच्या हाताला येईल असा." मी 'छान आहे' म्हणाले आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले. माझी पोर माझ्याजवळ राहणार की नाही, हे तिच्या शीवर ठरणार होतं! असं कुणाला सांगता तरी येतं का?

सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर विचारलं. तिथं सल्ल्यांना तोटा नाही. सगळ्यांचं एकच, चित्रांची पुस्तकं आणा. मुलं पुस्तकातलं बघून करतात. झालं, मी तीन मागवली. एकात अस्वलाचं पिल्लू पॉटवर बसतं, एकात हत्तीचं, आणि तिसऱ्यात एक गुबगुबीत मुलगा बसतो आणि शेवटी सगळं घर टाळ्या वाजवतं. पॉटही आणलं, पिवळं. त्याच्याशेजारी बाथरूममध्ये टोपली ठेवली आणि टोपलीत पुस्तकं. असंच करा म्हणून ग्रुपवर फोटोसकट आलं होतं. ठेवताना बाबांची आठवण झाली, पण म्हटलं, असू दे, बाबा काय बघायला येणारेत.

रेवाला पुस्तकं इतकी आवडली की मला अस्वलाच्या त्या पिल्लाचा उबग आला. सकाळी उठली की पॉटवर. मी समोर, ओल्या फरशीवर, उकिडवी. "पिल्लू बसलं. पिल्लानं शी केली. पिल्लाच्या आईला आनंद झाला." सगळं नीट ऐकायची. मान डोलवायची. "परत!" परत पिल्लू बसलं, परत पिल्लाच्या आईला आनंद झाला. त्या आईचं काय जातंय आनंदी व्हायला! माझ्या गुडघ्यांचं पार भुसकट झालं. मग बाईसाहेब उठायच्या, पुस्तक माझ्या हातात द्यायच्या, "वर ठेव" म्हणून हुकूम सोडायच्या आणि मी पुस्तक ठेवून वळेपर्यंत हॉलमधल्या पडद्यामागे जाऊन मोकळ्या व्हायच्या. दर वेळी पडद्यामागे! मी रागावले, लाडीगोडी लावली, हात जोडले. निखिल म्हणाला, "तू फार प्रेशर देतेस तिला." मी म्हटलं, "मग तू बस." तो बसला. त्यालाही पिल्लू पाठ झालं आणि पडदा धुवायला लागला.

शेवटी मीच हरले. एका रविवारी दुपारी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं, पुढच्या आठवड्याची तिकिटं बघते, आणून सोडते. आई म्हणाली, "बरं झालं बाप्पा!" मग बहुधा माझं तोंड दिसलं असावं, कारण गप्प झाली. मला तर कुणावर तरी ओरडायचंच होतं. मी फोन घेऊन तरातरा बाथरूममध्ये गेले. रेवा पॉटवर बसली होती, मांडीवर पुस्तक. "बघा, हा तमाशा बघा! तासभर अशी बसते आणि मग बाहेर जाऊन करते. ही पुस्तकं आणली, ते पॉट आणलं, माझ्या नाकी नऊ आलेत!"

आता बाबा फोनवर आले. त्यांना पॉट दिसलंच नसावं. त्यांना दिसलं पुस्तक. "पुस्तक कुठे ठेवलंयस?" स्टेशनवरचाच आवाज. मी तोंड उघडणार, इतक्यात रेवा मोठ्यानं म्हणाली, "आबा, मी शी नाही केली!" आणि पुस्तक उचलून दाखवलं. "पुस्तक आहे ना. मी नाही केली. मी शहाणी!"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. इतके दिवस ही पोरगी पोट आवरून बसत होती. पुस्तकासमोर घाण करायची नाही म्हणून! आम्हीच शिकवलेलं, आम्हीच कौतुक केलेलं, आणि मी मूर्खासारखी रोज तिच्या हातात आणखी एक पुस्तक देत होते. तिनं पुस्तक वर ठेवायला लावलं, म्हणजे सरळ सांगितलंच होतं की मला. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. मी सांगू लागले, "अगं, ह्या पुस्तकाचं चालतं," तर तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फोनकडे बघत होती. तिच्या लेखी पुस्तकांचा मालक तिकडे नागपूरला होता.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मला वाटलं, आता मला ऐकावं लागणार. ते म्हणाले, "रेवा, शहाणी आहेस. पण हे पुस्तक शीचंच आहे. ह्याच्यासमोर चालतं."

"जयजय?" रेवानं विचारलं.

"जयजय नंतर. हात धुऊन."

मागून आईचा आवाज आला, बारीक, पण मला ऐकू आला. "अहो, काय सांगून राहिले तिले? अशानं शिकली म्हणजे येणार नाही ना ती इकडे."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "त्या पुस्तकाचं नाव पाठव मला." आणि फोन बंद झाला. मी नाव पाठवलं. मला वाटलं, ते छापणाऱ्यांना तक्रार करणार असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वलाचं पिल्लू बसलं, आणि रेवानंही केली. पिल्लाच्या आईसारखा मला नुसता आनंद नाही झाला, मी निखिलला हाका मारून मारून घर डोक्यावर घेतलं. रेवानं हात धुतले आणि पुस्तकाला जयजय केलं. महिन्याभरात मॅडम "सरी", म्हणजे 'ठीक आहे', म्हणाल्या, रेवा प्लेस्कूलला जायला लागली आणि मी ऑफिसला. तिकिटं काढली ती दिवाळीची, आणि तिघांचीही जाऊन-येऊन.

दिवाळीत गेल्यावर मी आधी कपाट पाहिलं. खालचा कप्पा भरला होता. बाबांनी त्यात जुने दिवाळी अंक परत लावून ठेवले होते, एकही जागा मोकळी नाही. मी अंकांवरून हात फिरवला. तोवर बाबा फटाके आणायला निघून गेले.

मग हातपाय धुवायला मागे गेले. मोरीशेजारी आता एक नवंकोरं पॉट होतं, निळं. त्याच्या बाजूला चौरंग, आमच्या देवघरातला जुना. आणि चौरंगावर अस्वलाच्या पिल्लाचं ते पुस्तक, वाचनालयात घालायचे तसं खाकी कव्हर घातलेलं, वर बाबांच्या अक्षरात रेवाचं नाव. ज्या घरात पाहुण्यांनी आत नेलेल्या वर्तमानपत्रावरून दिवसभर धुसफूस झाली होती, त्या घरात. आई मागून म्हणाली, "कधीचं आणून ठेवलं त्यांनी. म्हणतात, पोरगी चार दिवसांसाठी आली तरी अडायला नको."

मी तिथंच मोरीच्या कडेला बसले आणि रडले. मला इतके दिवस वाटायचं, घर तसंच राहतं आणि आपण तेवढे बदलून लांब जातो. तर घरही बसल्या जागी आपल्यामागे चालत येत असतं. रेवा पळत आली, पिल्लू बघून ओरडली, चड्डी काढून बसली आणि मला म्हणाली, "वाच."

मी वाचलं.