मांडीखाली हात

कॉम्प्युटरला कमांड दिली की गायकवाड काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत आणि उत्तराची एकेक ओळ मोठ्यानं वाचत. "हात मोकळे राहिले की एंटर मारतात गं," ते मला म्हणायचे. कळव्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या या रिटायर्ड गृहस्थांनी भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून तो टीव्हीला जोडला होता. सगळी खटपट काकूंसाठी. शुगरमुळे त्यांची नजर अधू झालेली. मोबाईलवरचं काहीच दिसत नसे. मोठ्या टीव्हीला नाक लावलं, तर माणसं ओळखू यायची.

त्या रविवारी त्यांच्या मुलीचं, सुजाताचं लग्न होतं, कॅनडात. इथे संध्याकाळी टीव्हीवर दिसणार होतं. काकू दुपारपासून नवी साडी नेसून पडद्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या. आणि नेमकं त्याच दिवशी काकांना अपडेट घालायचं सुचलं. चित्र गेलं, उरली नुसती पांढरी अक्षरं. ग्राफिक्स कार्डाला टीव्हीवर चित्र दाखवायला लावणारा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागणार होता. काकांनी कमांड दिली, हात मांडीखाली घातले. खाली प्रश्न आला: पुढे जाऊ? हो की नाही?

"काका, येस मारा ना! लग्न लागून जाईल तिकडे!" पुतण्या विकी ओरडला. खरं सांगते, मलाही काकांचा राग आला. काकूंनी रुमाल पिळून पिळून त्याची दोरी केली होती.

"थांब रे. त्यानं प्रश्न विचारलाय, हुकूम नाही दिला." काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात काही बाहेर येईनात. "हे बघ, नवा ड्रायव्हर टाकताना हा व्हिडिओचा प्रोग्रामच काढून टाकणार म्हणतोय. मग लग्न बघणार कशावर?"

त्यांनी 'नाही' दाबलं. विकीनं कपाळावर हात मारला. काकांनी जुन्या कार्डाला चालणारा जुना ड्रायव्हर शोधला, पुन्हा सगळं वाचलं, तेव्हा कुठे 'हो' म्हणाले. मशीन बंद होऊन सुरू झालं. पडदा काळाच. मग एकदम पिवळ्या साडीतली सुजाता दिसली, हार अजून हातातच होता. काकूंनी काचेवरून तिच्या गालावर हात फिरवला. काका तसेच हातांवर बसून रडत होते.

काका गेल्यापासून मशीनचं मीच बघते. परवा अपडेटचा प्रश्न आला आणि माझं बोट सरळ एंटरवर गेलं.

"वाचलंस का गं?" मागून काकू म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. ते गेल्यापासून घरात कुणी वाचतच नाही."

मी हात मांडीखाली घातले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.