माझ्या हातून वाजलेली धून

आमच्या घरात भुताखेतांना जागाच नव्हती. धम्मदीक्षा घेतली तेव्हा आजोबांनी देव्हाऱ्यासकट सगळं नदीला सोडलं. कुणाच्या अंगात येतं असं कुणी सांगायला लागलं, की बाबा उठून बाहेर जायचे. मीही त्यांचीच मुलगी... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी नोकरीला होते, राहायला स्टाफ कॉलनीत. शेजारी बर्वे साहेब, इंजिनियर. त्यांनी परदेशातल्या भावाकडून छोटा कॉम्प्युटर आणवला होता. तो टीव्हीला जोडायचा. बटण दाबलं की एक स्वर वाजायचा, पडद्यावर ठिपका उमटायचा, आणि शेवटी सगळे ठिपके ओळीने वाजायचे. प्रोग्राम साहेबांनी स्वतः लिहिलेला. तो कुणालाही जमतो का, हे बघायला एका रविवारी दुपारी त्यांनी माणसं बोलावली – काही संगीतातलं ओ की ठो न कळणारी, काही मुरलेले वादक. न कळणाऱ्यांत पहिला नंबर माझा. विहारात वंदनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवते, इतकी बेसूर.

वादकांत खालापूरचे हुसेनचाचा होते. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात आयुष्य गेलेलं.

माझी पाळी आली. पाच-सहा बटणं कशीही दाबली. तेवढेच ठिपके उमटले. साहेबांनी ते वाजवायला लावले... आणि मशीन थांबेचना. ठिपके तेवढेच, पण धून लांबतच गेली – वळणं घेत, मध्ये श्वास घ्यावा तशी थबकत. आधीच्यांचे नुसते बीप-बीप वाजले होते. हे तसलं नव्हतं.

धून संपली तसा साहेबांचा चेहरा उतरला. मी आधीच येऊन त्यात काहीतरी भरून ठेवलंय, असं त्यांना वाटलं.

"मिस जाधव, येत होतं तर तसं सांगायचं. माझी चेष्टा कशाला?"

सगळ्यांसमोर. कॉलनीतल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला खरंच काही येत नाही, असं मी सांगत राहिले, पण कुणाला पटलं नाही. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात चाचा उठले. सांगू लागले. ही धून त्यांच्या थोरल्या भावाने बांधलेली. दोघं मिळून वाजवायचे, पण शेवट भाऊ एकटा घ्यायचा. भाऊ तरणाताठा गेला, आणि तो शेवट चाचांना काही केल्या आठवत नव्हता. एवढं सांगून ते माझ्या पायाशी वाकले. वडिलांच्या वयाचा माणूस! मी दचकून मागे सरले.

"बाय, आनखी येकदा लाव," ते म्हणाले.

साहेबांनी तेच ठिपके पुन्हा वाजवले. पाच-सहा बीप. बस.

साहेबांनी नंतर प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. काही सापडलं नाही, तेव्हा घरी येऊन माझी माफी मागून गेले. चाचा मात्र दर रविवारी साहेबांकडे येत राहिले, क्लॅरिनेटची पेटी घेऊन. मी बटणं दाबायची, ते कान देऊन ऐकायचे, मग चहा पिऊन एसटीने परत जायचे. ज्यावर माझा काडीचा हक्क नाही, ते मी अडवून बसल्यासारखं वाटायचं. त्यांच्याकडे मान वर करून बघवायचं नाही.

शेवटच्या खेपेला त्यांनी मशीन लावूच दिलं नाही. त्या पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा सगळं आठवलं होतं, म्हणाले, पण घरी पोचेस्तोवर परत विसरायला झालं.

"येवढाच सांग बाय. शेवट वाजला व्हता ना? माजा भास तर नाय?"

"वाजला होता, चाचा. पुरा वाजला."

त्यांनी मान हलवली, पेटी उचलली आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

व्होल्टेजमुळे झालं असेल, कुठलं तरी रेडिओ स्टेशन मध्ये घुसलं असेल – लोकांनी पुष्कळ सांगितलं. मग नेमकी तीच धून कशी, हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. मला मात्र दुसरंच टोचतं. 'पुरा वाजला' असं मी सांगून टाकलं खरं... पण धून कुठे पुरी होते, हे मला कुठे कळतं? ती आज कुणी माझ्यासमोर वाजवली, तर मला ओळखूसुद्धा येणार नाही.