झाशीच्या टॉकीजमधली काचेची खोली

मी झाशीला गेले ते किल्ल्यासाठी नाही. पाडून टाकलेल्या एका टॉकीजमध्ये काचेची खोली खरंच होती का, हे विचारायला गेले.

आई गेल्यापासून बाबा भुसावळला एकटे राहतात. रेल्वेतल्या नोकरीची पहिली सहा वर्षं झाशीत गेली. दादाचा जन्म तिथलाच, माझा नंतरचा. अलीकडे बाबा त्या टॉकीजबद्दल सांगतात. बाल्कनीमागे रडणाऱ्या मुलांच्या आयांसाठी काचेची खोली होती. रडणं बाहेर जात नसे, पिक्चरचा आवाज लहानशा स्पीकरमधून येई, आणि काचेत आपलाच चेहरा पडद्यावर तरंगताना दिसे.

"बायकांची खोली," दादा म्हणाला. "मग आतून काय दिसायचं ते यांना कसं माहीत? मनचं सांगायला लागलेत. आता एकटं ठेवायला नको."

दिवाळीनंतर बाबांना नाशिकला आपल्या घरी न्यायचं त्यानं ठरवलं. बाबांना जायचं नव्हतं.

भुसावळहून थेट गाडी मिळते. सकाळी उतरले. मानिक चौकापर्यंत ई-रिक्षाचे वीस रुपये. कचोरी आणि वर बटाट्याची पातळ भाजी खाऊन चालत निघाले.

टॉकीजच्या जागी तीन मजली कॉम्प्लेक्स आहे. मोबाइलची दुकानं, कोचिंग क्लास, दातांचा दवाखाना. पार्किंगची जमीन मात्र मागून पुढे उतरत जाते. तिथला माणूस एका स्कूटरच्या चाकामागे वीट लावत होता.

"हॉल की ढलान है," तो म्हणाला. "ठेकेदार ने भरी ही नहीं."

मी त्या उतारावरून टोकापर्यंत गेले. पडदा असेल तिथे पाण्याची मोटर होती.

समोरच्या स्टेशनरी दुकानाचे मालक मराठी निघाले, पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या घराण्यातले.

"बसावे, ताईजी. घरात आता मीच मराठी बोलतो. पोरं समझतात, बोलत नाहीत."

काचेच्या खोलीचं विचारलं.

"आम्ही खालच्या क्लासवाले. वर कधी गेलोच नाही. तिथला गेटकीपर बरुआसागरला असतो, त्याला विचारा."

दुसऱ्या दिवशी बसनं बरुआसागर. तासाभराच्या आत पोचते. खिडकीजवळ बसलात तर तलाव आणि वरचा किल्ला आधीच दिसतो. गेटकीपर अंगणात सुनेबरोबर आल्याच्या गड्ड्यांवरची माती झाडत बसले होते. पाठ वाकलेली, आवाज खणखणीत.

"थी," प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणाले. "दोहरा शीशा था. सर्दियों में भाप जमती, पोंछता मैं था."

"मर्द जाते थे अंदर?"

"ना, बिटिया. बोर्ड लगा था."

मी वही मिटली. खोली खरी होती, पण दादाचा प्रश्नही खराच राहिला.

सून हसली. "वो रेल वाले बाबू की तो बताओ."

"हाँ, एक थे. तुम्हारी तरफ के. बीवी को हॉल में बिठाते, खुद लड़का लेकर शीशे में. औरतें कहतीं, ए बाबू, दूध भी तुम्हीं पिलाओगे? वो बोतल दिखा देते." ते खूप हसले. "मालिक बिगड़े. मैंने कहा, बोर्ड पर रोता बच्चा भी लिखा है. बच्चा तो है."

"नाम?"

"नाम कौन पूछता था."

परत येताना ओरछ्याला जायचा बेत होता, गेले नाही. तुम्ही गेलात तर दोन दिवस हाताशी ठेवा.

भुसावळला दादाही आला होता. दोघांसमोर सगळं सांगितलं. बाबा पेपर वाचत होते.

"ते तुम्हीच ना?" मी विचारलं.

"तिला पिक्चर नीट ऐकू यायला हवा होता. त्या स्पीकरमधून नुसती खरखर."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"तुझ्या आईची बंदी होती. आजीला कळलं असतं तर तिची धडगत नव्हती."

दादा खुर्ची ओढून बाबांजवळ बसला.

"मी फार रडायचो?"

"इंटरव्हलपर्यंत. मग झोपायचास. मी बाकीचा पिक्चर बघायचो."

त्या टॉकीजचा झाशीत आता उतार तेवढा उरलाय. मी त्याचा फोटो काढला होता. बाबांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि बाल्कनी कुठे होती ते बोटानं दाखवलं. दादा फोनवर वाकून बघत होता.

निघताना तो म्हणाला, "दिवाळीला आम्हीच इकडे येतो."

दिवाळीनंतरचं काही बोलला नाही.