घाम थांबला त्या दुपारी

वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना काटेमामा म्हणत. वय पंचावन्न, अंगानंही काटकुळेच. मोटरसायकलच्या मागे एक लाकडी पेटी बांधलेली, आणि पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. सकाळी दहाला निघायचं, आसपासच्या गावांतल्या दुकानांचे काटे तपासायचे आणि दिवेलागणीला घरी यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम.

कामात एका ग्रॅमची हयगय नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. भर उन्हाळ्यातही अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. बायको रोज पाण्याची बाटली भरून द्यायची आणि ती रोज तशीच परत यायची.

"अहो, हिला काय फिरवून आणता का?" ती विचारायची.

"तहान लागली तर पिईन ना. लागतच नाही."

ती शिवणयंत्रावर मान वाकवून पुन्हा कामाला लागायची. तीस वर्षांच्या संसारात तिनं या एका बाबतीत हात टेकले होते.

त्या दिवशी ऊन नुसतं मी म्हणत होतं. दोन दुकानं आटपून मामा दुपारी एकच्या सुमारास तिसऱ्या गावाकडे निघाले. मधला वीस किलोमीटरचा रस्ता उघडा बोडका. समोरून येणारा वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा होता. डोकं ठणकत होतं, पण अंग कोरडं ठाक होतं. आज घामाची चिकचिक नाही, याचं त्यांना उलट बरंच वाटलं. एका वळणावर गाडी रस्ता सोडून खडीत उतरली. त्यांनी ती कशीबशी सावरली आणि पुढे निघाले.

तिसरं दुकान खिळे, बिजागऱ्या, साखळ्या विकणाऱ्या एका बाईंचं. मामांनी काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं, आकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, ताई."

बाईंनी आधी आकड्यांकडे पाहिलं, मग मामांकडे. "मामा, चाळीस ग्रॅम कमी दाखवतोय."

मामांनी पुन्हा पाहिलं. आकडे पाण्यात हलल्यासारखे दिसत होते.

"जरा बसा बरं तुम्ही." बाईंनी त्यांचा हात धरला आणि त्या दचकल्या. "अंग केवढं तापलंय. घाम कसा नाही तुम्हाला?"

"तेच तर. आज घामच नाही."

"ही चांगली गोष्ट नाही, मामा. माझा भाऊ ट्रकवर असतो. त्याला असंच झालं होतं, तेव्हा चार दिवस दवाखान्यात होता."

मामा उठू लागले, तर बाईंनी गाडीची किल्ली उचलून गल्ल्यात टाकली. त्यांना आतल्या खोलीत फरशीवर आडवं केलं, पंखा लावला, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पाच मिनिटांत आल्या. सलाईन लागलं. संध्याकाळी मामांचं डोकं जागेवर आलं, तेव्हा बायको उशाशी बसलेली होती. तिनं सकाळची ती भरलेलीच बाटली त्यांच्यापुढे धरली, आणि मामांना तेच जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं. "इतका तापलेला वारा उघड्या अंगाला गार करत नाही, काका. तो अंगातलं पाणी पळवतो. सैल, पूर्ण बाह्यांचं सुती घाला, म्हणजे घाम लगेच उडून जाणार नाही. आणि तहान लागायच्या आधी पाणी प्या. तहान उशिरा कळवते."

तिसऱ्या दिवशी मामा उठले ते एकच प्रश्न घेऊन. त्या सकाळी तपासलेल्या दोन काट्यांचं काय? उजाडताच ते निघाले. पहिला काटा ठीक होता. दुसरा तीस ग्रॅमनं चुकलेला होता आणि तो त्यांच्याच हातानं चुकला होता. त्यांनी तो दुरुस्त केला आणि दुकानदाराला म्हणाले, "चूक माझी. उन्हानं डोकं फिरलं होतं, मला कळलंच नाही."

आजारपणानं जे झालं नसतं, ते त्या तीस ग्रॅमनी केलं.

बायकोनं पांढऱ्या सुती कापडाचे तीन ढगळ शर्ट शिवले. मामा आरशासमोर उभे राहून म्हणाले, "तंबू दिसतोय."

"तंबूत सावली असते," ती म्हणाली.

आता ते सहालाच घर सोडतात. निघण्यापूर्वी टायर गार असतानाच हवा बघतात. डोक्यावर फिकट रंगाचं हेल्मेट, गळ्याला ओला रुमाल. प्रत्येक दुकानात काट्याला हात लावण्याआधी अर्धी बाटली पाणी, आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. डोकं जड वाटलं की पहिल्या सावलीत गाडी उभी. बारा ते चार तर रस्त्यावर यायचंच नाही.

त्या चार तासांचं करायचं काय, हा मोठाच पेच होता. शेवटी त्यांना एका गावात वाचनालय सापडलं. उंच छत, दोन पंखे, आणि पेंगणारे ग्रंथपाल. शाळा सुटल्यापासून मामांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं. गेल्या तीन उन्हाळ्यांत त्यांनी एकवीस कादंबऱ्या संपवल्या. सध्या एका खलाशाची जाडजूड गोष्ट चालू आहे. संध्याकाळी ते घरी आले की बायको यंत्र थांबवते.

"आज कुठवर आलं जहाज?"

"अजून किनारा दिसत नाही," मामा पाय पसरत म्हणतात आणि सांगायला लागतात.