डॉक्टर म्हणाले, पार्टनरला न्या

आता कसं सांगू गड्यांनो, चहा घशात अडकंल तुमच्या! स्वतःच्या हातानं स्वतःची फजिती कशी करून घ्यायची, ते माझ्याकडनं शिका.

पोरीचं लग्न झालं आन् घर सुनंसुनं झालं. मला कशातच गोडी वाटंना. वडवणीत आमचं खता-बियाण्याचं दुकान. गिऱ्हाईक युरिया मागायचं, मी नुसता त्याच्या तोंडाकडं बघायचो. शेवटी बायकोनं, सुमननं, बळंच बीडला डॉक्टरकडं धाडलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांचं नंतर बघू. इथं जोडीनं नाचायचा क्लास आहे. पार्टनरला घेऊन जा. मन हलकं होईल."

आता तुमीच सांगा, पार्टनर म्हंजी कोण? माझा एकच पार्टनर. दत्ता! दुकानात निम्मी भागी हाय त्याची!

"दत्ता, नाचायला चल."

"कावून बे? याड लागलं का?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

दोस्तीखातर आला बिचारा.

क्लासात बघतो तर सगळ्या नवरा-बायकोच्या जोड्या! मधी आमी दोघं मिशावाले! शिकवणाऱ्या मॅडमनी आमच्याकडं दोनदा बघितलं. म्हणाल्या, "पुरुषानं बाईच्या कमरेला हात लावायचा."

"बाई कोण?" मी इचारलं. तोवर दत्तानं माझी कमर धरली बी! मी बुटका, काय करता?

पहिल्याच गिरकीला मी थेट चपलांच्या ढिगात! सगळा क्लास हसला. आन् खरं सांगतो, मी बी हसलो. किती दिवसांनी! डोळ्यातून पाणी येईस्तोवर.

मग काय, दर रविवारी बीड! सुमनला वाटायचं, डॉक्टरकडं जातो. एका रविवारी मी शिट्टी मारत अत्तर लावत होतो.

"डॉक्टरकडं जाताना अत्तर कावून?"

"पार्टनरसंगं नाचायला चाललोय."

तव्यावर भाकर करपली. "कोण हाय ती?"

"ती न्हाई गं, आपला दत्ता!"

सुमननं कपाळावर हात मारला. मग बारीक आवाजात म्हणाली, "पोर मला बी आठवती की. मी न्हाई का तुमची पार्टनर?"

लई लाजलो बघा. पुढच्या रविवारी तिला नेलं. ठेवणीतली साडी नेसून आली. गाणं लागलं. मी ऐटीत पुढं झालो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आन् वाट बघत उभा राहिलो.

मॅडम वरडल्या, "काका, तुम्ही पुरुष आहात! कमरेला हात लावा!"

"मॅडम, मला बाईचंच येतंय!"

हशा पिकला. सुमननं निवांत माझी कमर धरली आन् म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. घरी बी मीच फिरवते ह्यान्ला."